गणिततपस्वी ऑयलर

बुद्धिबळाच्या पटावर धान्याचे दाणे मांडण्याची कथा तुम्ही ऐकली असेल. पहिल्या घरात एक दाणा ठेवावयाचा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ. याप्रमाणे प्रत्येक घरात मागील घराच्या दुप्पट दाणे ठेवीत जावयाचे. पटावर घरे ६४ असतात. त्यांपैकी पहिली ३१ घरेच भरली, तरी पटावरील सर्व दाण्यांची बेरीज २,१४,७४,८३,६४७ इतकी होते. म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लक्ष त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. गणिताच्या इतिहासात या संख्येला मोठा मान आहे. एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. ही गोष्ट ज्याने निर्विवादपणे सिद्ध केली, तो त्या वेळी ६५ वर्षांचा होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेलेली होती. त्याचे नाव लिओनार्ड ऑयलर.

ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल या शहरी झाला. त्याचे वडील पॉल ऑयलर हे धर्मोपदेशक होते. बाझलजवळच्या रीहेन या लहानशा गावी लिओनार्डचे बालपण गेले. पॉल यांनी तरुणपणी याकोब बर्नुली या विख्यात गणितज्ञाची व्याख्याने ऐकली होती, त्यामुळे गणिताची गोडी त्यांच्या घरात पूर्वीपासूनच होती. मुलाला गणिताचे पहिले धडे त्यांनीच दिले. पुढे शिक्षणासाठी लिओनार्डला बाझल येथे आजीकडे पाठविण्यात आले. परंतु तेथील शाळेत लॅटिन भाषेवर सारा भर असे. गणित जवळजवळ शिकवीतच नसत.

वयाच्या तेराव्या वर्षी, १७२० साली, लिओनार्डने बाझलच्या विद्यापीठात प्रवेश केला. याकोब बर्नुली यांचे धाकटे बंधू योहान बर्नुली तेथे गणिताचे प्राध्यापक होते. त्या काळच्या युरोपातील अग्रगण्य गणितज्ञांत त्यांची गणना होत असे. लिओनार्डने त्यांच्याकडे खासगी शिकवणीची विनंती केली. परंतु आपणास वेळ नाही असे सांगून त्यांनी ती नाकारली. तथापि त्यांनी त्याला काही कठीण ग्रंथ वाचावयास सुचविले, आणि वाचताना जे अडेल ते शनिवारी दुपारी येऊन विचारण्याची मुभा दिली. एखाद्या आळशी विद्यार्थ्याने शंकांची लांबलचक यादी करून गुरूंच्या दारी धरणे धरले असते. लिओनार्डने नेमके याच्या उलट केले. गुरूंना उगाच त्रास पडू नये म्हणून तो आठवडाभर एकेका शंकेशी झुंज घेई आणि होता होईल तो ती स्वतःच सोडवी. शनिवारी गुरूंपुढे जाताना त्याच्यापाशी अगदी मोजके प्रश्न उरत. अडचण दुसऱ्यापुढे नेण्यापूर्वी तिच्याशी स्वतः झगडण्याची ही सवय त्याला जन्मभर पुरली.

मुलाने आपल्याप्रमाणेच धर्मोपदेशक व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्याप्रमाणे लिओनार्डने धर्मशास्त्राच्या अभ्यासास आरंभही केला होता. परंतु या मुलाची बुद्धी असामान्य आहे, हे योहान बर्नुली यांनी ओळखले होते. त्यांनी स्वतः मध्यस्थी करून वडिलांचे मन वळविले, आणि जगाला एक महान गणिती लाभला.

त्याच सुमारास रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे नवी विज्ञानपरिषद स्थापन झाली होती. योहान बर्नुली यांचा पुत्र दानिएल तेथे काम करीत होता. त्याच्या खटपटीने ऑयलरला तेथून बोलावणे आले. १७२७ च्या वसंत ऋतूत, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने बाझल सोडले आणि तो रशियास गेला. त्यानंतर मातृभूमीचे दर्शन त्याला पुन्हा कधीही घडले नाही.

पीटर्सबर्गच्या परिषदेत ख्रिस्तियान गोल्डबाख नावाचा एक विद्वान होता. संख्यांच्या गुणधर्मांचा त्याला मोठा छंद. त्याने १७२९ च्या डिसेंबरात ऑयलरला पत्राने एक प्रश्न विचारला. या प्रश्नातूनच ऑयलरच्या संख्याशास्त्रातील मोठ्या कार्याची सुरुवात झाली. तो प्रश्न समजण्यासाठी संख्यांच्या दोन जाती आपण प्रथम लक्षात घेऊ.

ज्या संख्येला एक आणि ती स्वतः या दोहोंनीच निःशेष भाग जातो, ती मूळ संख्या होय. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या आहेत. १५ ही संख्या ३ आणि ५ यांच्या गुणाकाराने बनते; अशा संख्येस संयुक्त संख्या म्हणतात. एकाहून मोठी कोणतीही पूर्ण संख्या एक तर मूळ असते किंवा मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनलेली असते. भिंत जशी विटांची, तशा संख्या मूळ संख्यांच्या. म्हणूनच एखादी मोठी संख्या मूळ आहे की संयुक्त, हे ठरविण्यास गणितात एवढे महत्त्व आहे. लहान संख्येच्या बाबतीत ते चटकन ठरविता येते. परंतु संख्या जसजशी मोठी होते, तसतसे हे काम बिकट होत जाते.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पिएर द फर्मा हा थोर गणिती होऊन गेला. त्याने मूळ संख्या मिळविण्याची एक रीत सुचविली होती. २ घ्या, त्याचा वर्ग करा, आलेल्या संख्येचा पुन्हा वर्ग करा आणि असेच पुढे चला. त्याने २, ४, १६, २५६, ६५,५३६ अशा संख्या मिळतात. यांतील प्रत्येकीत १ मिळवा. आता ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात, आणि या पाचही मूळ संख्या आहेत. यावरून, ही रीत कितीही पुढे नेली तरी प्रत्येक वेळी मूळ संख्याच मिळेल, असे फर्माने मानले. हे सिद्ध करता येत नाही, हे त्याने प्रामाणिकपणे कबूलही केले होते. परंतु त्याचा विश्वास अढळ होता. फर्मासारख्या थोर गणितज्ञाचा तो विश्वास. त्याविषयी शंका घेणार कोण? हे मत खरे आहे काय, असा गोल्डबाखचा प्रश्न होता.

सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७ ही होती. ती मूळ आहे की नाही, हे ठरवावे कसे? ३ ने भागून पाहावे, मग ५ ने, मग ७ ने. याप्रमाणे मूळ संख्या घेत घेत पुढे जावे, तर ६५,५३६ पर्यंतच्या साडेसहा हजार मूळ संख्यांनी भाग द्यावे लागतील. ऑयलरने भागाकारांच्या या अरण्यात शिरण्यापूर्वी विचार केला. या संख्येला जर कोणी मूळ विभाजक असेलच, तर तो कोणत्या प्रकारचा असला पाहिजे? त्याला असे आढळले, की तशा विभाजकास ६४ ने भागले असता बाकी १ च उरली पाहिजे. याची रीतसर सिद्धताही त्याने पुढे प्रसिद्ध केली. या एका विचाराने साऱ्या कामाचे स्वरूप पालटते. ६४ ने भागल्यास १ उरणाऱ्या संख्या म्हणजे ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ इत्यादी. यांतील संयुक्त संख्या वगळल्या, की १९३, २५७, ४४९ आणि ५७७ या चारच मूळ संख्या ६४१ च्या आधी तपासावयाच्या उरतात. या चौघींनी भाग जात नाही. परंतु ६४१ ने भाग जातो आणि बाकी काहीच उरत नाही! भागाकार ६७,००,४१७ येतो.

१७३२ साली ऑयलरने हा शोध परिषदेपुढे मांडला. त्या वेळी तो अवघा २५ वर्षांचा होता. पाच वेळा खरे ठरलेले मत सहाव्या वेळी खोटे ठरले होते. एखादी गोष्ट थोर पुरुषाने सांगितली म्हणून ती सत्य ठरत नाही, किंवा पाच उदाहरणे जुळली म्हणून सहावे जुळेलच असेही नाही. गणितात सिद्धतेवाचून सत्याला मान्यता नाही. यामुळे फर्माची थोरवी मात्र रतिमात्र उणी झाली नाही. त्याच्या अनेक कथनांना पुढे ऑयलरनेच मोठ्या आदराने सिद्धता दिल्या. फर्माच्या रीतीने येणाऱ्या पुढील कित्येक संख्या त्यानंतर तपासल्या गेल्या. परंतु त्या पहिल्या पाच संख्यांनंतर तिच्यातून आजवर एकही नवी मूळ संख्या हाती आलेली नाही.

ऑयलरची कीर्ती आता वाढू लागली. १७३४ साली कातारिना ग्झेल हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांना १३ मुले झाली, परंतु त्यांतील पाचच बालपणानंतर जगली. ऑयलर कुटुंबवत्सल होता. मांडीवर तान्हे मूल आणि पाठीवर मांजर अशा थाटात तो गहन ग्रंथ लिहीत बसे, असे सांगतात. संख्याशास्त्र हा तर त्याच्या उद्योगाचा एक भाग झाला. चंद्राची गती, जहाजांची बांधणी, पाण्याचा प्रवाह, प्रकाश, संगीत, नकाशे अशा नाना विषयांवर त्याने लेखन केले. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी तुम्ही पाय हे जे ग्रीक अक्षर वापरता, ते रूढ होण्याचे श्रेयही मुख्यतः ऑयलरच्या ग्रंथांना आहे.

परंतु दैव त्याच्यावर रुष्ट होते. १७३५ साली तो तीव्र ज्वराने आजारी पडला. पुढे १७३८ च्या सुमारास त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७४१ साली प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या निमंत्रणावरून तो बर्लिनला गेला आणि तेथे २५ वर्षे राहिला. त्या दरबारात चटपटीत बोलण्याला आणि विनोदाला फार मान होता. ऑयलर साधा, श्रद्धाळू व मितभाषी होता. राजाला त्याची विद्वत्ता हवी होती, परंतु त्याचा साधेपणा रुचत नव्हता. त्याच्या एकाक्ष असण्याची थट्टा करण्यासही राजाने कमी केले नाही. ऑयलरने मात्र उत्तर दिले ते आपल्या कामाने. बर्लिनमधील त्या वर्षांत त्याच्या लेखणीतून शेकडो निबंध बाहेर पडले. अखेर १७६६ साली रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिने त्याला सन्मानाने परत बोलाविले आणि तो पीटर्सबर्गला आला.

तेथे थोड्याच काळात दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढला आणि त्याचे जग अंधारून गेले. वाचणे थांबले. मोठ्या पाटीवर खडूने ठळक अक्षरे काढावी, एवढेच काय ते त्याला शक्य राहिले. संकटे जणू रांगेने येत होती. १७७१ साली पीटर्सबर्गमध्ये भयंकर आग लागली आणि तीत ऑयलरचे घर सापडले. अंध ऑयलरला बाहेरची वाट दिसेना. तेव्हा बाझलचाच रहिवासी असलेला पीटर ग्रिम नावाचा एक कारागीर धैर्याने आगीत शिरला आणि त्याला खांद्यावर घेऊन बाहेर आला. घर व ग्रंथसंग्रह जळाला. परंतु हस्तलिखितांपैकी बरीचशी वाचविता आली. त्याच वर्षी त्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. काही दिवस त्याला दिसू लागले. पण पुढे डोळा बिघडला आणि तो प्रकाश कायमचा मावळला.

दुसरा कोणी असता तर येथेच खचून गेला असता. ऑयलरची स्मरणशक्ती विलक्षण होती. व्हर्जिल या रोमन कवीचे एनीड हे प्रदीर्घ महाकाव्य त्याला मुखोद्गत होते. इतकेच नव्हे, तर आपल्याजवळील प्रतीच्या कोणत्या पानावर पहिली ओळ कोणती आणि शेवटची कोणती, हेही तो सांगू शके. बीजगणितावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ त्याने एका नोकराला तोंडी सांगून लिहविला. तो नोकर पूर्वी शिंप्याच्या हाताखाली काम शिकत असे. गणिताचा त्याला गंधही नव्हता. ऑयलरचे विवेचन इतके सुबोध होते, की लिहिता लिहिता तो नोकरही बीजगणित शिकला, अशी आख्यायिका आहे. ऑयलरचा मुलगा योहान आल्ब्रेक्ट आणि लेक्सेल, फुस इत्यादी तरुण विद्वान त्याचे विचार कागदावर उतरून घेत. त्याच्या आयुष्यातील एकूण लेखनापैकी जवळजवळ निम्मे या अंधारातच झाले.

याच काळात, १७७२ साली, त्याने पटावरील दाण्यांच्या त्या संख्येचा निकाल लावला. पटावरील दोन घरांच्या दाण्यांची बेरीज ३, तीन घरांची ७, पाच घरांची ३१ आणि सात घरांची १२७. या सर्व मूळ संख्या आहेत. घरांची संख्या मूळ असली म्हणजे दाण्यांची संख्याही मूळ असेल, असे येथे वाटू लागते. पण थांबा! अकरा घरांवरील दाणे २,०४७ होतात आणि ही संख्या म्हणजे २३ गुणिले ८९ होय. तेरा, सतरा व एकोणीस घरांच्या बेरजा पुन्हा मूळ निघतात. तेवीस घरांची बेरीज ८३,८८,६०७ हिला ४७ ने भाग जातो, तर एकोणतीस घरांची बेरीज ५३,६८,७०,९११ हिला ११०३ ने भाग जातो. म्हणजे केवळ अनुमानावर येथेही भिस्त ठेवता येत नाही. प्रत्येक संख्येची स्वतंत्र परीक्षा घेतली पाहिजे. मारँ मर्सेन या फ्रेंच साधूने १६४४ साली अशा मूळ संख्यांची एक यादी दिली होती. तीत ३१ घरांची संख्याही होती. परंतु तिची खात्रीलायक सिद्धता कोणापाशीही नव्हती, आणि मर्सेनच्या यादीत काही चुका होत्या असे पुढे सिद्ध झाले. मर्सेनने सांगितले म्हणून ते स्वीकारणारा ऑयलर नव्हता. फर्माच्या संख्येने तो धडा त्याला तारुण्यातच दिला होता.

या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० हून किंचित अधिक आहे. तेव्हा ४६,३४० पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे, म्हणजे झाले. परंतु अशा मूळ संख्या ४,७०० हून अधिक आहेत. एका भागाकारास पाच मिनिटे धरली, तरी जवळजवळ चारशे तास हवेत. ऑयलरने पुन्हा एकदा हाताच्या श्रमाआधी बुद्धीला पाचारण केले.

वर आलेले २३ आणि ८९ हे विभाजक पाहा. त्यांना ११ ने भागल्यास दोन्ही वेळा बाकी १ उरते. आणि तेथे घरेही ११ च होती. हा योगायोग नव्हे. त्याच नियमाने ३१ घरांच्या संख्येला एखादा मूळ विभाजक असेल, तर त्याला ३१ ने भागल्यास बाकी १ उरली पाहिजे. आणखी एक नियम असा, की अशा विभाजकास ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरते. २३ ला ८ ने भागल्यास ७ उरतात आणि ८९ ला भागल्यास १ उरतो, हे तुम्ही करून पाहा. हे दोन्ही नियम एकत्र केले, म्हणजे असे निघते, की शोधावयाच्या विभाजकाला २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ उरली पाहिजे. अशी पहिली मूळ संख्या ३११ आहे, आणि तिच्यानंतरची एकदम १,३०३! चार हजार सातशे संख्यांचा तो प्रचंड जमाव क्षणात पांगला, आणि तपासावयाच्या संख्या शंभराच्या आत आल्या. त्यांपैकी एकीनेही निःशेष भाग गेला नाही. २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे, हे सिद्ध झाले. ऑयलरने हा निर्णय बर्नुली घराण्यातीलच एका गणितज्ञास पत्राने कळविला. यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ हिच्याहून मोठी मूळ संख्या जगात कोणालाही ठाऊक नव्हती.

या शोधाबरोबर आणखी एक रत्न हाती आले. ६ या संख्येला तिच्याहून लहान अशा १, २ व ३ या संख्यांनी भाग जातो, आणि त्यांची बेरीजही ६ च होते. २८ चे असे विभाजक १, २, ४, ७ व १४. त्यांची बेरीज २८. अशा संख्येस प्राचीन ग्रीक गणितज्ञ परिपूर्ण संख्या म्हणत. ज्या संख्येच्या विभाजकांची बेरीज कमी पडते ती न्यून, जशी ८. आणि जिची बेरीज जास्त होते ती विपुल, जशी १२. न्यून व विपुल संख्या पदोपदी भेटतात. परिपूर्ण संख्या मात्र फारच विरळा. पटावरील काही घरांच्या दाण्यांची बेरीज मूळ आली, तर तिला शेवटच्या घरातील दाण्यांनी गुणावे, म्हणजे परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दाखविले होते. दोन घरांचे ३ दाणे, शेवटच्या घरात २, गुणाकार ६. तीन घरांचे ७ दाणे, शेवटच्या घरात ४, गुणाकार २८. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रीतीने बनते, तिला दुसरा मार्ग नाही, हे ऑयलरने सिद्ध केले. आता ३१ घरांची बेरीज मूळ ठरल्यामुळे तिला शेवटच्या घरातील १,०७,३७,४१,८२४ दाण्यांनी गुणावयाचे. तो गुणाकार २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ हा आहे. ही एकोणीस अंकी संख्या लहानापासून मोजल्यास आठवी परिपूर्ण संख्या होय.

१८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने असे भाकीत केले, की हिच्याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही; कारण अशा संख्यांचा उपयोग काही नसल्यामुळे त्यांच्या शोधाचे कष्ट कोणीही घेणार नाही. मनुष्याच्या जिज्ञासेचे मोजमाप करण्यात बार्लो चुकला. १८७६ साली एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १२७ घरांची बेरीज मूळ असल्याचे दाखविले. मग संगणक आला. २०२४ साली याच प्रकारची जी मूळ संख्या सापडली, तिच्यात चार कोटी दहा लाखांहून अधिक अंक आहेत. ज्या मोठ्या मूळ संख्या निरुपयोगी वाटत होत्या, त्यांच्याच आधारे आज संगणकावरून जाणारे निरोप गुप्त राखले जातात. ऑयलरची ती संख्याही संगणकात पदोपदी भेटते. ३२ द्विमान अंकांच्या जागेत, चिन्हासाठी एक जागा राखून, जी सर्वांत मोठी पूर्ण संख्या लिहिता येते, ती हीच.

१७७३ साली ऑयलरची पत्नी वारली. तथापि त्याचे काम अखेरपर्यंत अखंड चालू होते. १८ सप्टेंबर १७८३ या दिवशीही त्याने नातवाला गणित शिकविले, आकाशात उडू लागलेल्या विमानांसंबंधी, म्हणजे तप्त हवेच्या फुग्यांसंबंधी काही गणिते केली, आणि दोनच वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी चर्चा केली. त्याच दिवशी सायंकाळी मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा अंत झाला. त्याचे वय ७६ वर्षांचे होते. त्याच्या हस्तलिखितांचा साठा एवढा मोठा होता, की पीटर्सबर्गची परिषद त्याच्या मृत्यूनंतर सुमारे अर्धशतक ती छापीत होती. त्याच्या ग्रंथांची व निबंधांची संख्या आठशेच्या वर आहे.

ऑयलरच्या जीवनात या दोन संख्या दोन दीपस्तंभांप्रमाणे उभ्या आहेत. तारुण्यात त्याने एका संख्येचा विभाजक शोधून थोरामोठ्यांचा समज दूर केला. वार्धक्यात दुसऱ्या संख्येला विभाजक नाही हे दाखवून एक जुना समज सत्याच्या पायावर उभा केला. पहिल्या वेळी त्याला डोळ्यांची साथ होती, दुसऱ्या वेळी नव्हती. परंतु रीत तीच होती. आधी विचार करावा, मग श्रम करावे, आणि पुराव्यावाचून कोणतीही गोष्ट खरी किंवा खोटी मानू नये. बाझलच्या ज्या मुलाने गुरूंकडे जाण्यापूर्वी आठवडाभर स्वतःच्याच शंकांशी झुंज घेतली, त्याच मुलाने साठीनंतरच्या अंधारातही ही रीत सोडली नाही.

अभ्यास

१. योहान बर्नुली यांनी दिलेल्या सवलतीचा लिओनार्डने कसा उपयोग केला? त्यावरून त्याचा कोणता गुण दिसतो?
२. फर्माचे मत पाच वेळा खरे ठरूनही ऑयलरने ते का मानले नाही?
३. ६४१ ला ६७,००,४१७ ने गुणून ऑयलरचा शोध स्वतः पडताळून पाहा.
४. ४९६ चे सर्व विभाजक लिहून ती परिपूर्ण संख्या आहे काय, हे ठरवा. पटावरील किती घरांच्या बेरजेपासून ती मिळते?
५. आधी विचार, मग श्रम, या वचनाचे एक उदाहरण आपल्या अनुभवातून दहा ओळींत लिहा.